‘मान्य आहे’ या दोन शब्दांमागें

२०२१ सालच्या जानेवारींत, पहिल्याच आठवड्यांत, भारतांतील कोट्यवधि लोकांच्या मोबाइलवर एक सूचना उमटली. व्हॉट्‌सॲप या संदेशवाहक सेवेचें खासगीपणाविषयींचें धोरण बदललें आहे. ८ फेब्रुवारीनंतर ही सेवा वापरावयाची असल्यास नवें धोरण मान्य करावें, असा तिचा आशय होता. मान्यतेसाठीं बटण होतें. नकाराचा अर्थ मात्र एकच होता : धोरण पटत नसेल त्यानें खातें सोडून निघून जावें. पुढें ही मुदत १५ मेपर्यंत लांबविण्यांत आली, पण अट तीच राहिली.

त्या सूचनेचें बहुतेक घरांत काय झालें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. गृहिणीच्या एका हातांत उलथनें, कचेरीस निघालेल्या गृहस्थाला लोकल गांठावयाची घाई, आजोबांचा चष्मा जागेवर नाहीं. अंगठा बटणावर पडला आणि सूचना नाहींशी झाली. सोडून जाणार तरी कोठें? मुलांच्या शाळेचा गृहपाठ त्याच ठिकाणीं येतो, सोसायटीच्या पाण्याची वेळ तेथेंच कळते, भिशीचा हिशेब तेथेंच होतो, आणि परदेशीं गेलेल्या मुलाचें तोंड रविवारीं दिसतें तेंही तेथेंच. फेब्रुवारी २०२१ मध्यें केंद्र सरकारनें दिलेल्या आकड्यांप्रमाणें या सेवेचे भारतांतील वापरकर्ते ५३ कोटी होते. ज्या गांवांत एकच विहीर आहे, तेथें ‘अटी पसंत नसतील तर पाणी भरूं नका’ असें विहिरीच्या मालकानें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार.

कायद्याच्या दृष्टीनें त्या एका क्षणांत एक करार झाला. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. दोन पक्षांनीं एकाच गोष्टीला एकाच अर्थानें होकार दिला म्हणजे ती संमति, असें त्याचें तेरावें कलम मानतें. आणि दडपण, गैरवाजवी वर्चस्व, लबाडी, दिशाभूल किंवा चूक यांपैकीं कशाचाही परिणाम म्हणून आलेली संमति मुक्त नव्हे, असें चौदावें कलम सांगतें. ज्या मजकुराची पहिली ओळही वाचली गेली नाहीं, त्याला ‘एकाच अर्थानें’ होकार दिला असें कसें म्हणावें? वाचावयाचें म्हटलें तरी तें शक्य कोठें आहे? अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं २००८ सालीं हिशेब मांडला होता. एखाद्यानें आपण पाहतो त्या प्रत्येक संकेतस्थळाचें धोरण वर्षांतून एकदां जरी वाचावयाचें ठरविलें, तरी त्याचे वर्षाकांठीं सुमारें २०० तास त्यांत जातील. तेव्हां समाजमाध्यमांचा पसारा आजच्या मानानें लहान होता.

त्या धोरणानें लोकांचे संदेश उघडे पडत होते काय? नाहीं. हें स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण त्या दिवसांत अफवांचें पीकही उदंड आलें होतें. २०१६ पासून व्हॉट्‌सॲपवरील संदेश अशा रीतीनें कुलूपबंद होऊन जातात कीं, पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही ते वाचतां येऊं नयेत. वाद मजकुराचा नव्हता, लिफाफ्याचा होता. कोणता क्रमांक, कोणत्या यंत्रावरून, केव्हां आणि किती वेळ सेवा वापरली, कोणत्या व्यापाऱ्याशीं व्यवहार झाला, ही माहिती मूळ कंपनीच्या इतर शाखांकडे जावी कीं नाहीं, हा प्रश्न होता. वाड्यावर येणाऱ्या पोस्टमनलाही कोणाचें पत्र कोठून येतें हें ठाऊक असे. मनीऑर्डर थांबली तर त्याला घरच्यांआधीं कळे. परंतु त्यानें प्रत्येक बिऱ्हाडाची वही ठेवली नव्हती, आणि ती वही पाहून कोणाच्या दाराशीं कोणत्या दुकानाची पाटी लावावी हें ठरविलें नव्हतें.

लिफाफ्यांवरून काय कळणार, असें म्हणणाऱ्यानें एक उदाहरण मनांत आणावें. एका घरांतील तरुण सून सोमवारीं एका स्त्रीरोगतज्ज्ञाशीं बोलते. बुधवारीं रात्रीं साडेअकरा वाजतां ती माहेरीं पाऊण तास बोलते. शुक्रवारीं तिचें बोलणें एका वकिलाशीं होतें. यांतला एकही शब्द कोणी ऐकला नाहीं. तरी घरांतल्या माणसांना जें अजून ठाऊक नाहीं, त्याचा बराचसा अंदाज त्या तीन नोंदींवरून बांधतां येतो. अंदाज चुकीचा असला तर अनर्थ अधिकच, कारण खुलासा करावयाचा कोणापुढें?

सही हा संमतीचा पुरावा असतो, ती स्वतः संमति नव्हे. हा भेद महाराष्ट्राला नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पाहतां पाहतां पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत तें लोण पसरलें. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत नोंदलेल्या या उठावाचें वैशिष्ट्य असें कीं, जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे मागून घेतले जात आणि जाळले जात. त्या रोख्यांवर शेतकऱ्यांच्याच निशाण्या होत्या. कागदांत काय लिहिलें आहे हें निशाणी करणाऱ्याला वाचतां येत नव्हतें. वाचतां आलें असतें तरी बियाण्यासाठीं दुसऱ्या दाराशीं जाण्याची सोय फारशी नव्हती. न्यायालयांत मात्र रोखा हाच शेवटचा शब्द ठरे.

सरकारनें चौकशी आयोग नेमला आणि १८७९ सालीं दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. त्यांतील सर्वांत धाडसी तरतूद अशी कीं, न्यायाधीशानें रोख्यावरच थांबूं नये. व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, पहिलें कर्ज किती, व्याज कसें चढलें, याचा इतिहास तपासावा आणि मग हिशेब करावा. शिवाय शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिले जावे व त्यानें ते साक्षांकित करावे, अशी योजना होती. त्या कायद्यानें शेतकऱ्याचें दैन्य फिटलें असें नाहीं; सावकारांनीं पळवाटा काढल्याच. पण दुर्बलाची निशाणी कागदावर आहे एवढ्यानें न्यायाचें समाधान होऊं नये, हें तत्त्व या प्रांतांत तेव्हां कायद्यांत उतरलें. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यांत तेंच निराळ्या शब्दांत सांगितलें : जेथें एका पक्षाला सौदा करण्याची ताकदच नाहीं आणि पुढें आलेल्या छापील अटींवर सही करण्यावांचून गत्यंतर नाहीं, तेथें अन्यायकारक अटी न्यायालय बजावणार नाहीं. तो खटला नोकरीचा होता. अंगठ्यानें दाबलेल्या बटणाला तें तत्त्व लागूं पडतें कीं नाहीं, हा या शतकाचा प्रश्न आहे.

व्हॉट्‌सॲपचा इतिहास या प्रश्नाला विशेष उठाव देतो. २००९ सालीं ती कंपनी काढणाऱ्या दोघांपैकीं यान कूम यांचें बालपण सोव्हिएत राजवटींतील युक्रेनमध्यें गेलें. तेथें दूरध्वनीवर मोकळेपणीं बोलण्याची सोय नव्हती, ही आठवण ते सांगत असत, आणि सेवेंत जाहिरात नको हा त्यांचा आग्रह होता. २०१४ सालीं फेसबुकनें ही कंपनी सुमारें १९ अब्ज डॉलरांचा सौदा जाहीर करून घेतली. खासगीपणाच्या बाबतींत कांहीं बदलणार नाहीं, असें आश्वासन तेव्हां देण्यांत आलें. ऑगस्ट २०१६ मध्यें धोरण बदललें, आणि वापरकर्त्यांचे क्रमांक फेसबुककडे जातील असें त्यांत आलें. कंपनीचें वचन व्यक्तीच्या वचनासारखें नसतें. तें देणारीं माणसें बदलतात, मालकी बदलते, आणि वचन कोणी दिलें होतें असा प्रश्न विचारण्याची वेळ येते. युरोपीय आयोगानें तो प्रश्न विचारला. दोन्ही सेवांतील खातीं आपोआप जुळविणें विश्वासार्ह रीतीनें शक्य नाहीं, असें खरेदीच्या चौकशींत फेसबुकनें सांगितलें होतें. पण तशी शक्यता २०१४ सालींच होती आणि नोकरवर्गाला ती ठाऊक होती, असें आयोगाला आढळलें. मे २०१७ मध्यें दिशाभुलीबद्दल ११ कोटी युरोंचा दंड झाला.

भारतांत हा प्रश्न न्यायालयापुढें नेला तो दोघां विद्यार्थ्यांनीं. दिल्ली उच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०१६ रोजीं मध्यम मार्ग काढला. ज्याला धोरण नको त्याला खातें बंद करण्याची मुभा आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. पण २५ सप्टेंबर २०१६ पर्यंतची माहिती फेसबुकला देऊं नये, आणि त्यापूर्वीं खातें बंद करणाऱ्यांची माहिती पुसून टाकावी, असें बजावलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २०१७ सालीं घटनापीठाकडे सोंपविण्यांत आलें. तेव्हां मोठी अडचण अशी होती कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे कीं नाहीं हेंच ठरलेलें नव्हतें. किंबहुना केंद्र सरकारच्या महान्यायवाद्यांनीं २०१५ सालीं आधार योजनेच्या खटल्यांत असा हक्क घटनेंत नाहीं, असा युक्तिवाद केला होता.

त्या युक्तिवादाला आधार होता तो दोन जुन्या निकालांचा : एम. पी. शर्मा प्रकरणांतील १९५४ चा, आणि खरकसिंग प्रकरणांतील १९६२ चा. यांपैकीं दुसऱ्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. उत्तर प्रदेशांतील खरकसिंगावर दरोड्याचा आरोप आला आणि पुराव्याअभावीं तो सुटला. तथापि पोलिसांनीं त्याच्या नांवाची नोंदवही उघडली. रात्रीं-अपरात्रीं शिपाई दार ठोठावीत, तो घरीं आहे कीं नाहीं हें पाहत, त्याच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवीत. रात्रीच्या भेटी न्यायालयानें रद्द ठरविल्या. बाकीची पाळत मात्र चालूं दिली, कारण बहुमताच्या मतें खासगीपणाची हमी घटनेनें दिलेली नव्हती. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं भिन्न मत नोंदविलें. ज्याच्यावर सतत नजर आहे तो माणूस हिंडूं-फिरूं शकला तरी मोकळा नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तें अल्पमत पुस्तकांत पडून राहिलें आणि पंचावन्न वर्षांनीं उपयोगास आलें.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, एकमतानें निर्णय दिला कीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरकसिंगाच्या निकालांतील विरुद्ध भाग रद्द झाला. त्याच निकालपत्रांत न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं आणीबाणींतील १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकालही चुकीचा ठरविला. त्या निकालाच्या बहुमतांत त्यांचे वडील, पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. पित्याचा निर्णय पुत्रानें पुसावा, असे प्रसंग न्यायाच्या इतिहासांत थोडे. परंतु मूलभूत हक्क प्रामुख्यानें राज्यसंस्थेविरुद्ध असतो. शिपाई दार ठोठावतो तेव्हां तो ढालीसारखा पुढें करतां येतो. जेथें दार स्वतः घरमालकानेंच उघडलें आहे, आणि उघडतांना ‘मान्य आहे’ असें म्हटलें आहे, तेथें काय? त्यासाठीं न्यायालयानें विधिमंडळाकडे बोट दाखविलें.

विधिमंडळ विचार करीत असतांनाच मार्च २०१८ मध्यें केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आलें, आणि संमतीच्या कल्पनेंतील दुसरें भगदाड दिसलें. फेसबुकवर स्वभावपरीक्षेची एक प्रश्नावली होती. ती भरणाऱ्यानें परवानगी दिली कीं त्याची स्वतःचीच नव्हे, तर त्याच्या मित्रांचीही माहिती प्रश्नावली चालविणाऱ्याला मिळे. तेथून ती निवडणुकींच्या प्रचाराचें काम करणाऱ्या त्या कंपनीकडे गेली. जगभरांत सुमारें ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशी गेली असावी, असें फेसबुकनेंच सांगितलें. भारताचा आकडा अधिक बोलका आहे. येथें ती प्रश्नावली घेणारे होते ३३५; आणि त्यांच्यामुळें ज्यांची माहिती गेली असण्याचा संभव होता, ते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. म्हणजे एकाच्या होकारामागें सोळाशेंहून अधिक माणसें ओढलीं गेलीं. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. जुलै २०१९ मध्यें अमेरिकेंत फेसबुकला ५ अब्ज डॉलरांचा दंड झाला. तो अमेरिकेच्या तिजोरींत गेला.

हा प्रकार दूरचा वाटावयाचें कारण नाहीं. कोणतेंही नवें ॲप मोबाइलमधील क्रमांकांची यादी पाहण्याची परवानगी मागतें, तेव्हां ती यादी वापरणाऱ्याची असते, पण तींतले क्रमांक दुसऱ्यांचे असतात. डॉक्टर, मोलकरीण, मुलीच्या वर्गशिक्षिका, जिच्याशीं दहा वर्षांत बोलणें नाहीं अशी एखादी दूरची बहीण, या सर्वांच्या वतीनें एका अंगठ्यानें होकार दिला जातो. घरांतील पत्त्यांची वही कोणी अनोळखी माणसानें मागितली असती, तर कोणत्याही सुजाण गृहिणीनें ती दिली नसती.

मग तोडगा कोठून आला? गंमत अशी कीं, सर्वांत रोखठोक उत्तर खासगीपणाच्या कायद्यानें दिलें नाहीं, बाजारपेठेच्या कायद्यानें दिलें. भारतीय स्पर्धा आयोगानें २४ मार्च २०२१ रोजीं व्हॉट्‌सॲपच्या धोरणाची आपण होऊन चौकशी सुरू केली. आयोगाचा प्रश्न साधा होता : ग्राहकाला दुसरीकडे जाण्यास वाट आहे काय? जर्मनीच्या स्पर्धा-नियामकानें फेब्रुवारी २०१९ मध्यें फेसबुकविरुद्ध हाच धागा धरला होता, आणि युरोपच्या न्यायालयानें जुलै २०२३ मध्यें तो विचार ग्राह्य मानला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं भारतीय आयोगानें निर्णय दिला कीं, ‘घ्या नाहीं तर सोडा’ अशा रीतीनें धोरण लादणें हा वर्चस्वाचा गैरवापर आहे. २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड झाला, आणि जाहिरातींसाठीं माहिती इतर शाखांना देण्यास पांच वर्षांची बंदी घातली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्यें अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेवला. पांच वर्षांची बंदी मात्र उठविली. सावकाराला दंड झाला, असेंच याचें वर्णन करतां येईल. जमलेल्या वहीचें काय, हा प्रश्न उरतो.

आयोगाची चौकशी चालू असतांना एक गोष्ट पुढें आली, ती मनाला लागावयास हवी होती. युरोपांतील वापरकर्त्यांना व्हॉट्‌सॲपनें जें संरक्षण दिलें, तें भारतीयांना दिलें नव्हतें. केंद्र सरकारनें जानेवारी २०२१ मध्येंच कंपनीकडे या भेदभावाबद्दल तक्रार केली होती. याचें कारण वर्णभेद नव्हे, कायदा. युरोपांत २०१८ पासून माहिती-संरक्षणाचे कडक नियम लागूं आहेत. येथें तेव्हां नव्हते. पुढें कंपनीनें सरकारला लिहून दिलें कीं, धोरण न स्वीकारणाऱ्यांची सेवा आंखडली जाणार नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ही हमी वर्तमानपत्रांतून जाहीर करण्यास सांगितलें. हमी होती, पण ती ज्यांच्यासाठीं होती त्यांना ती वर्तमानपत्रांतून सांगावी लागली.

भारताचा स्वतःचा कायदा यावयास बराच काळ लागला. मुंबई उच्च न्यायालयांत न्यायदान केलेले आणि मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळें महाराष्ट्राला परिचित झालेले न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या समितीनें जुलै २०१८ मध्यें मसुदा दिला. २०१९ चें विधेयक २०२२ सालीं मागें घेण्यांत आलें. अखेर ऑगस्ट २०२३ मध्यें डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. संमतीविषयींच्या मुख्य तरतुदी अमलांत येण्यास नियमांच्या प्रसिद्धीपासून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली.

या कायद्यानें संमतीला पांच विशेषणें लावलीं आहेत : ती मुक्त असावी, विशिष्ट हेतूपुरती असावी, माहिती घेऊन दिलेली असावी, विनाअट असावी आणि निःसंदिग्ध असावी. ज्या हेतूला जी माहिती लागत नाहीं, तिच्यासाठीं घेतलेली संमति व्यर्थ. दिलेली संमति परत घेणें हें ती देण्याइतकेंच सोपें असलें पाहिजे. आजवर देण्यास एक बटण आणि परत घेण्यास सात दालनें असा प्रकार होता. आणखी एक तरतूद मराठी घरांना विशेष महत्त्वाची आहे. सूचना इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील २२ भाषांपैकीं कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे आजोबांना तो मजकूर मराठींत मागतां येईल. तो कोणत्या मराठींत असेल, हा प्रश्न निराळा. सरकारी पत्रकांचें मराठी ज्यांनीं वाचलें आहे, त्यांनीं फार आशा बाळगूं नये. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईवडिलांची पडताळून घेतलेली संमति हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई आहे. कंपनीनें सुरक्षिततेची काळजी घेतली नाहीं तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

येथवर समाधान मानतां येईल. पुढें मात्र तें टिकत नाहीं. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधींत जमा व्हावयाची. ज्याची माहिती फुटली त्याला त्यांतून कांहीं मिळावयाचें नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत नुकसानभरपाईचें एक कलम होतें, तेंही काढून टाकण्याची तरतूद या कायद्यानें केली. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. राज्याच्या सुरक्षिततेसाठीं व सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीं केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्यांतून वगळूं शकतें. खरकसिंगाच्या दाराशीं आलेला शिपाई आतां दार ठोठावणार नाहीं, आणि म्हणून तो आल्याचें कळणारही नाहीं. नागरिकाच्या खासगीपणाच्या नांवानें झालेला कायदा राज्यालाच सर्वांत मोठी सूट देतो, हें त्याचें उघड वैगुण्य होय.

या कायद्यांत ‘संमति-व्यवस्थापक’ नांवाची एक नवी संस्था आहे. नागरिकाच्या वतीनें त्याच्या सर्व संमतींची नोंद ठेवणें, त्या पाहूं देणें, परत घेण्यास मदत करणें, हें तिचें काम. किमान दोन कोटी रुपये निव्वळ मालमत्ता असलेल्या भारतीय कंपनीला तशी नोंदणी मिळूं शकते. १८७९ च्या ग्राम-निबंधकाची ही नवी आवृत्ति म्हणतां येईल. तो निबंधक शेतकऱ्याला चेहऱ्यानें ओळखतां येई. हा व्यवस्थापक स्वतःच एक कंपनी असणार, आणि त्याच्याकडे नांव नोंदवावयाचें तर त्याच्याही अटी वाचाव्या लागणार.

एका ठिकाणीं मात्र कायद्यानें हात घातलाच नाहीं, आणि तें ठिकाण म्हणजे घर. व्यक्तीनें वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठीं केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तें योग्यही आहे. मावशीनें भाचीच्या साखरपुड्याची बातमी नातेवाइकांच्या गटावर टाकली म्हणून तिला मंडळापुढें उभें करणें हास्यास्पद होईल. पण खासगीपणाच्या विचाराचा जन्म अशाच घरगुती उपद्रवांतून झाला होता. १८८८ सालीं कोडॅकचा हातांत धरावयाचा कॅमेरा बाजारांत आला, वर्तमानपत्रांना परक्याच्या घरांतील बातम्यांची चटक लागली, आणि १८९० सालीं वॉरन व ब्रँडाइस या दोघां अमेरिकन वकिलांनीं माणसाला एकटें राहूं देण्याच्या हक्कावर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. आज तो कॅमेरा घरांतल्या प्रत्येकाच्या हातांत आहे.

बारशाचीं, पहिल्या पावलाचीं, अंघोळीच्या वेळचीं, शाळेंत रडत गेल्याचीं, परीक्षेंत कमी गुण मिळाल्यावर रुसून बसल्याचीं छायाचित्रें कौतुकानें समाजमाध्यमांवर जातात. मुलगी अठरा वर्षांची होते तेव्हां तिचें अर्धें आयुष्य परक्यांनीं पाहिलेलें असतें. त्यांतलें काय पाहूं द्यावें, हें तिला कोणी विचारलेलें नसतें. कंपनीविरुद्ध मुलांचे राखणदार म्हणून कायदा आईवडिलांवर विश्वास टाकतो. आईवडील स्वतः काय करतात, याविषयीं तो मौन धरतो. आजारी वडिलांचें रुग्णालयांतील नळ्यांनीं वेढलेलें छायाचित्र ‘प्रार्थना करा’ म्हणून शंभर जणांना पाठविणाऱ्या मुलाचा हेतु वाईट नसतो. वडील शुद्धीवर असते आणि त्यांना विचारलें असतें, तर त्यांनीं होकार दिला असता काय, एवढाच प्रश्न त्याला त्या घटकेस सुचत नाहीं.

फ्रान्सनें १९ फेब्रुवारी २०२४ रोजीं या विषयावर कायदा केला. अल्पवयीन मुलाच्या प्रतिमेच्या हक्काचें रक्षण आईवडिलांनीं दोघांनीं मिळून करावें, आणि त्याच्या वयाला व समजुतीला साजेल त्या प्रमाणांत मुलालाही त्या निर्णयांत घ्यावें, असें तो सांगतो. भारतांत तसें कलम नाहीं. नातीचें छायाचित्र गटावर टाकण्यापूर्वीं तिला विचारावें कीं नाहीं, हें आज तरी ज्या त्या घरांतच ठरतें. आणि सात-आठ वर्षांची नात ‘हें नको पाठवूं’ असें म्हणते, तेव्हां तिचें ऐकलें जातें कीं हंसून सोडून दिलें जातें, हेंही तेथेंच.